आत्मा जन्मापूर्वी होता, तर हा जन्म त्याने निवडला का?

गिरगावकर

अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशांतून आणि पास्ट लाइफ रिग्रेशनच्या (संमोहनाखाली मागचे जन्म ‘आठवण्याच्या’) शिबिरांच्या जाहिरातींतून एक विधान वारंवार वाचनात येते. प्रत्येक आत्मा जन्मापूर्वीच आपले आईवडील, आपले शरीर आणि आयुष्यातील मोठी संकटेसुद्धा स्वतः निवडतो, आणि हीच आपल्या ऋषींची शिकवण आहे, असे त्यात म्हटलेले असते. यातील पहिला भाग मायकेल न्यूटन या अमेरिकन संमोहनोपचारकाच्या १९९४ सालच्या पुस्तकाने लोकप्रिय केला. दुसरा भाग आपल्या ग्रंथांशी ताडून पाहावा, या हेतूने हा धागा काढत आहे.

आत्मा जन्मापूर्वी होता, याबद्दल गीतेत संदिग्धता नाही. ‘न त्वेवाहं जातु नासं’, म्हणजे मी कधी नव्हतो असे नाही, असे दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतात, आणि चौथ्या अध्यायात ‘माझे आणि तुझे पुष्कळ जन्म होऊन गेले, मला ते सर्व ठाऊक आहेत, तुला नाहीत’ असे अर्जुनाला स्पष्ट बजावतात. म्हणजे अस्तित्व आहे, पण स्मृती नाही. मग एका जन्मातून दुसऱ्या जन्मात येते तरी काय? सहाव्या अध्यायात योगभ्रष्टाविषयी, म्हणजे ज्याची योगसाधना अपुरी राहिली त्याच्याविषयी, ‘तत्र तं बुद्धिसंयोगं लभते पौर्वदेहिकम्’ असे म्हटले आहे. त्याला मागचे नाव, गाव, घर आठवत नाही, मात्र बुद्धीचा मागचा कल सोबत येतो. याच स्थळी ज्ञानेश्वरमाउली लिहितात :

तैसी दशेची वाट न पाहतां ।
वयसेचिया गांवा न येतां ।
बाळपणींच सर्वज्ञता ।
वरी तयातें ॥

कोवळ्या वयात हा ग्रंथ सांगणाऱ्याने ही ओवी लिहावी, हे वाचताना माझे मन दर वेळी भरून येते.

आता निवडीचा प्रश्न. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य म्हणतात : ‘स यथाकामो भवति तत्क्रतुर्भवति, यत्क्रतुर्भवति तत्कर्म कुरुते, यत्कर्म कुरुते तदभिसंपद्यते.’ माणसाची जशी इच्छा तसा त्याचा संकल्प, जसा संकल्प तसे कर्म, आणि जसे कर्म तसे त्याला प्राप्त होते. कठोपनिषदातही जीव वेगवेगळ्या योनींत जातात ते ‘यथाकर्म यथाश्रुतम्’, म्हणजे ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे आणि ज्ञानाप्रमाणे, असेच सांगितले आहे. दोन जन्मांच्या मधल्या कोणत्या तरी ठिकाणी शांतपणे बसून आत्मा पुढच्या आयुष्याची आखणी करतो, असे चित्र या वचनांत मला कोठेही सापडले नाही. येथे निवड होते ती जगत असताना, रोजच्या इच्छेत आणि रोजच्या कृतीत. पुढचा जन्म निवडायचा असेल, तर तो आजच, याच शरीरात निवडला जातो.

‘तुझ्या आत्म्यानेच हे दुःख निवडले’ हे वाक्य मला क्रूर वाटते, विशेषतः ते दुसऱ्याला सांगितले जाते तेव्हा. समर्थांनी हा विचार मांडला तो पाहा : ‘मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले । तयासारिखे भोगणे प्राप्त जाले.’ समर्थ हे स्वतःच्या मनाला सांगत आहेत; शेजाऱ्याला किंवा दारात आलेल्या दुःखिताला नव्हे. पूर्वसंचिताचा विचार माणसाने स्वतःपुरता करावा आणि दुसऱ्याचे दुःख समोर आले की तो पूर्णपणे बाजूला ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. जाणकारांनी यावर लिहावे.

न्यायप्रिय

गिरगावकर, विषय उत्तम मांडला आहे. आपण सर्व आधार श्रुतीचे आणि गीतेचे घेतले. परंतु नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कशास्त्र्यांनी, हा प्रश्न शब्दप्रामाण्यावर (ग्रंथवचनावर) न सोडता अनुमानाने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, त्याची नोंद येथे असावी. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात सूत्रकार गौतम म्हणतात की, नवजात बालकाच्या ठिकाणी हर्ष, भय आणि शोक दिसतात, आणि ज्याचा पूर्वी अनुभव घेतलेला नाही अशा गोष्टींबद्दल हे भाव उद्भवणार नाहीत. पुढे आणखी नेमके सूत्र येते : ‘प्रेत्याहाराभ्यासकृतात् स्तन्याभिलाषात्.’ जन्मल्याबरोबर बाळ दूध मागते. आहाराने भूक शमते हे त्याला या जन्मात कोणी शिकवलेले नाही, म्हणून तो अभ्यास पूर्वजन्मीचा मानला पाहिजे.

सूत्रकारांनी प्रतिपक्षही तेथेच नोंदवला आहे. लोखंड चुंबकाकडे सरकते, तेथे पूर्वजन्म कोण मानतो? तसेच बाळाचेही का नसावे? त्यावर गौतमांचे उत्तर असे की, ही प्रवृत्ती अन्यत्र आढळत नाही. बाळ नेमके दुधाकडेच वळते, आणि अशी नियत प्रवृत्ती पूर्वाभ्यासाशिवाय संभवत नाही. मला हे अनुमान आजही बलवान वाटते. ज्यांना बाळंतपणाचा किंवा नवजात बालकांचा प्रत्यक्ष अनुभव आहे, त्यांनी यावर मत द्यावे.

रात्रपाळी

न्यायप्रिय यांनी थेट आमच्याच कामाला हात घातला, म्हणून लिहिते आहे. मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात मी परिचारिका आहे.

पूर्ण दिवसांचे बाळ जन्मल्यावर पुसून, कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवले, तर ते काही वेळ स्वस्थ पडून राहते. मग जीभ बाहेर काढते, मूठ तोंडाशी नेते, पायांनी रेटा देत हळूहळू वर सरकते आणि बहुधा कोणी हात न लावता स्तनापर्यंत पोहोचते. हे पाहताना गौतमांना काय वाटले असेल, ते मी समजू शकते. कोणी शिकवले, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतोच.

पण ज्यांचे दिवस भरलेले नसतात, ती बाळे आमच्याकडे येतात तेव्हा वेगळे दिसते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला आम्ही नाकातून किंवा तोंडातून पोटात घातलेल्या नळीने आईचे काढलेले दूध देतो, आणि मेळ बसू लागला की वाटी-चमच्याने व मग अंगावर. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा आत्मा पूर्ण दिवसांच्या बाळाच्या आत्म्यापेक्षा कमी जन्म घेऊन आलेला नसतो ना? मग त्याला दूध पिता का येऊ नये? कारण मेंदूची तेवढी वाढ अजून व्हायची असते. शिवाय सरावही गर्भातच सुरू झालेला असतो. सोनोग्राफीत बाळ अंगठा चोखताना दिसते, ते गर्भजल गिळत असते. न्यायसूत्रांतील ‘पूर्वाभ्यास’ खरा आहे, पण तो या नऊ महिन्यांतला आहे, असे मला वाटते.

ऐकण्याचेही तसेच. १९८६ मध्ये डिकॅस्पर आणि स्पेन्स या अमेरिकन संशोधकांनी गरोदर स्त्रियांना शेवटच्या सहा आठवड्यांत एक ठरावीक गोष्ट रोज मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर त्या बाळांनी नव्या गोष्टीपेक्षा तीच गोष्ट ऐकू यावी, अशा रीतीने आपल्या चोखण्याची लय बदलली. जन्मापूर्वीची स्मृती असते याचा इतका स्पष्ट पुरावा असताना त्यासाठी मागच्या जन्मापर्यंत जावे लागत नाही.

आत्मा आहे की नाही, यावर मी बोलणार नाही; तो माझा विषय नव्हे. परंतु गिरगावकर यांच्या शेवटच्या मुद्द्यावर मला मनापासून लिहायचे आहे. आमच्या विभागाच्या दाराबाहेर नातेवाईक बसलेले असतात. टाके ओले असलेली, काचेतून बाळाकडे पाहणारी आई उभी असते आणि तिच्या मागे कोणीतरी म्हणते, ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल हिचं.’ हे मी अनेकदा ऐकले आहे. त्यानंतर त्या आईचे दूध आटू लागते, असे मी सांगितले तर कोणाला अतिशयोक्ती वाटेल. पण ताण, अपराधीपणा आणि झोप नसणे यांमुळे पान्हा फुटायला अडचण येते, हे आम्हाला शिकवलेले आहे आणि रोज दिसते. बाळ लवकर होण्याची कारणे म्हणजे वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी गर्भधारणा, गर्भाशयाचे तोंड कमकुवत असणे. आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. त्या रिकाम्या जागेत लोक मागचा जन्म आणून बसवतात.

वरळीचा वाचक

रात्रपाळी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्यांचे मनापासून आभार.

गिरगावकर यांच्या सद्भावनेबद्दल शंका नाही, पण त्यांनी उपनिषदांतील सोयीची वचने दिली आहेत, असे मला आदरपूर्वक नोंदवावेसे वाटते. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात, पंचाग्निविद्येच्या प्रकरणात, हा सिद्धांत सविस्तर आला आहे. तेथे म्हटले आहे की, ज्यांचे आचरण रमणीय असते ते ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत जन्मतात, आणि ज्यांचे आचरण कुत्सित असते ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत जातात. येथे हा विचार ‘स्वतःपुरता’ मुळीच नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवून, याने मागच्या जन्मी पाप केले म्हणून हा येथे आहे, असे सांगण्याची सोय या वचनाने शतकानुशतके पुरवली. विहिरीवर पाणी नाकारणाऱ्याला त्यामुळे मनाची टोचणी लागली नाही.

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये मुंबईतच सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या प्रश्नाचा मुळापासून विचार केला आहे. बुद्धाने आत्मा नाकारला, मग एका आत्म्याने केलेल्या कर्माचे फळ दुसऱ्या देहात तोच आत्मा भोगतो हा सिद्धांत बुद्धाचा कसा असेल, असे ते विचारतात. गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताचा उपयोग शेवटी एवढाच, की दरिद्री आणि दलित माणसाच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, असा त्यांचा स्पष्ट निष्कर्ष आहे. मी बी.डी.डी. चाळीत वाढलो. आमच्या घरी हा ग्रंथ माझे वडील रात्री मोठ्याने वाचत, आणि हा भाग आला की चाळीतील इतर मंडळीही दाराशी येऊन उभी राहत.

निवडींनी आयुष्य घडते, हे मान्य. पण कोणाच्या निवडींनी? बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, त्यामागे त्यांचे अपार कष्ट होते आणि सयाजीराव गायकवाडांनी दिलेली शिष्यवृत्तीही होती. एका माणसाचा मार्ग दुसऱ्याच्या निर्णयाने उघडतो किंवा बंद होतो. ‘जसे ज्याचे कर्म तसे त्याला फळ’ या सूत्रात ही गोष्ट बसतच नाही.

गिरगावकर

वरळीचा वाचक, छांदोग्यातील वचन आपण म्हणता तसेच आहे. त्याचा काही आलंकारिक अर्थ लावून सुटका करून घ्यावी, असे मला वाटत नाही. ते वचन मी स्वीकारत नाही, आणि जी परंपरा माझी आहे तिच्यातील न स्वीकारण्याजोगे काय, हे सांगण्याचा अधिकार त्या परंपरेनेच मला दिला आहे, असे मी मानतो.

हा सिद्धांत वेदान्त्यांना कशासाठी हवा होता, हे मात्र पाहण्यासारखे आहे. ब्रह्मसूत्रात ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’ असे सूत्र आहे. एकाला सुख, दुसऱ्याला दुःख देणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो, हा आक्षेप होता. ईश्वर जीवाच्या कर्माची अपेक्षा ठेवून फळ देतो, हे त्याचे उत्तर. लगेच पुढचा प्रश्न येतो की, सृष्टीच्या आरंभी तर कर्म नव्हते, मग पहिली विषमता कोठून आली? त्यावर संसार अनादि आहे, असे सांगितले जाते. म्हणजे हा सगळा युक्तिवाद ईश्वराला दोषमुक्त करण्यासाठी उभा आहे. तो ईश्वराच्या बाजूने केलेला असल्यामुळे त्याच्या आधारे माणसाला, राजाला किंवा गावाला दोषमुक्त करता येणार नाही, हा फरक आपल्याकडे पाळला गेला नाही.

आता स्वातंत्र्याविषयी. लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चे दहावे प्रकरण नेमके याच विषयावर आहे : कर्मविपाक (कर्माचे फळ पिकणे) आणि आत्मस्वातंत्र्य. २२ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात शिक्षा ऐकताना, वस्तुमात्राच्या भवितव्यावर या न्यायासनाहून श्रेष्ठ शक्तींची सत्ता आहे, असे टिळक म्हणाले. ते उद्गार आज त्या न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. दैवावर इतकी श्रद्धा असलेल्या या माणसाने मंडालेच्या तुरुंगात बसून, कर्माच्या साखळीत बांधलेल्या माणसाला मोकळी इच्छा उरते का, यावर अख्खे प्रकरण लिहिले, आणि उरते असा निर्वाळा दिला. ज्या कर्माचे फळ भोगायला सुरुवात झाली ते भोगून संपवावे लागते, परंतु ज्याचा आरंभ झालेला नाही ते ज्ञानाने बदलू शकते, हा वेदान्ताचा भेद ते पायाभूत धरतात. ब्रह्मसूत्रातच ‘कर्ता शास्त्रार्थवत्त्वात्’ असे सूत्र आहे. जीव कर्ता नसेल, तर ‘हे कर, ते करू नको’ असे सांगणारे सर्व शास्त्र निरर्थक होईल. मला हे उत्तर पुरेसे वाटते.

आपला शेवटचा प्रश्न, म्हणजे दुसऱ्याच्या निवडीने आपला मार्ग घडतो त्याचे काय, तो माझ्या मूळ लेखात नव्हता आणि तो फार मोलाचा आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. दैव पाचातील एक आहे आणि शेवटी आले आहे. जेथे इतरांचे हात गुंतलेले असतात, तेथे एकट्या कर्त्याला सर्व फळाचा धनी ठरवणे गीतेलाही मान्य नाही. जो स्वतःलाच केवळ कर्ता समजतो त्याला ती दुर्मती म्हणते.

भायखळा पूर्व

जन्मापूर्वीच्या निवडीची कल्पना केवळ अमेरिकेतून आली, असा समज होऊ नये म्हणून दोन गोष्टी लिहितो.

पहिली आपल्या मुंबईच्या शेजाऱ्यांची. फोर्टमधील अग्यारीवर पंख पसरलेली जी आकृती दिसते, तिचा संबंध पारशी बांधव फ्रवशीशी, म्हणजे माणसाच्या जन्मापूर्वीपासून असलेल्या आत्मरूपाशी, जोडतात. बुन्दहिश्न या पहलवी ग्रंथात अशी कथा आहे की, अहुरमज्दाने, म्हणजे पारशी धर्मातील परमेश्वराने, मानवांच्या फ्रवशींना विचारले : तुम्हाला अशरीरी, सुरक्षित राहायचे आहे, की देह धारण करून असत्याशी झुंजायचे आहे? त्यांनी देह पत्करला. येथे निवड खरोखर जन्मापूर्वीची आहे, पण ती कोणा एकाच्या सुखदुःखाची नसून सर्वांनी मिळून एका लढ्यात उतरण्याची आहे. आजारी माणसाला ‘हा आजार तूच निवडलास’ असे या कथेवरून म्हणता येत नाही.

दुसरी प्लेटोची. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात एर नावाचा योद्धा मृत्यूनंतर पाहिलेले सांगतो. आत्म्यांसमोर आयुष्यांचे नमुने मांडलेले असतात आणि ‘दोष निवडणाऱ्याचा, देव निर्दोष आहे’ अशी घोषणा होते. पहिला क्रमांक मिळालेला आत्मा घाईने जुलमी राजाचे आयुष्य उचलतो आणि मग ऊर बडवतो. तो मागच्या जन्मी सदाचारी होता, पण केवळ सवयीने. विचार करून नव्हे. ओडिसियसचा क्रमांक शेवटचा येतो. कष्टांनी महत्त्वाकांक्षा विटलेला तो एका सामान्य माणसाचे शांत आयुष्य शोधून आनंदाने घेतो. त्यानंतर सर्व जण विस्मृतीच्या मैदानातील नदीचे पाणी पितात. येथेही निवडण्याची कुवत मागच्या आयुष्यातच तयार झालेली आहे, म्हणजे गिरगावकर यांचा मुद्दा प्लेटोलाही लागू पडतो.

आणि आपल्या तुकोबांचे विसरू नये. ‘हेंचि दान देगा देवा’ हा अभंग आपण कीर्तनाच्या शेवटी इतक्यांदा म्हणतो की त्याचा शेवट ऐकूच येईनासा झाला आहे : ‘तुका म्हणे गर्भवासी । सुखें घालावें आम्हांसी.’ ज्या गर्भवासातून सुटण्यासाठी सर्व शास्त्रांचा आटापिटा, तो तुकोबा मुक्ती नाकारून मागून घेतात, संतसंगासाठी. जन्म निवडण्याचे याहून धीट उदाहरण मला ठाऊक नाही.

हार्बर लाइन

सर्व चर्चा ग्रंथांची चालली आहे. पण व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी पूर्वजन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांच्या हजारो नोंदी गोळा केल्या, त्यांत भारतातील नोंदीही पुष्कळ आहेत, त्याचे काय? आणि दुसरा प्रश्न : स्वभावच जर मागच्या संस्कारांनी बनलेला असेल, तर माझी निवड माझी कशी?

न्यायप्रिय

स्टीव्हन्सन यांनी १९६६ मधील आपल्या पुस्तकाच्या नावातच या घटना पुनर्जन्म ‘सुचवणाऱ्या’ आहेत, असे म्हटले, सिद्ध करणाऱ्या म्हटले नाही. मूल बोलू लागल्यानंतर दोन्ही कुटुंबांची भेट झालेली असली, की कोणी काय आधी सांगितले हे वेगळे काढणे कठीण होते, हा मुख्य आक्षेप आहे. तरीही त्यांची पद्धत संमोहनापेक्षा कितीतरी काटेकोर आहे. संमोहनाखाली सांगितलेल्या पूर्वजन्मांविषयी निकोलस स्पॅनोस यांनी कॅनडात प्रयोग केले, तेव्हा त्या व्यक्तीला आधी काय सांगून ठेवले आहे त्यानुसार तिचे ‘पूर्वजन्म’ बदलतात, असे आढळले. शिबिरांत पैसे भरण्यापूर्वी लोकांनी एवढे तरी जाणून घ्यावे.

दुसऱ्या प्रश्नाला योगवासिष्ठाचे उत्तर आहे. पूर्वीचा पुरुषार्थ आणि आताचा पुरुषार्थ दोन एडक्यांप्रमाणे एकमेकांशी झुंजतात, आणि त्यांत जो अल्पबळ तो हरतो. दैव म्हणजे आपलाच जुना प्रयत्न. तो नव्या प्रयत्नाच्या जातीचाच आहे, म्हणून त्याच्याशी लढता येते.

रात्रपाळी यांचे गर्भातील अभ्यासाविषयीचे विवेचन गौतमांच्या अनुमानाला मोठा धक्का देते, हे मी मान्य करतो. नैयायिक यावर म्हणेल की, गर्भातील पहिल्या चोखण्याला तरी प्रवृत्त कोणी केले? पण मग तेथे लोखंड-चुंबकाचा जुना आक्षेप अधिक बळाने परत येतो. यावर मला अजून वाचायचे आहे.

वरळीचा वाचक

गिरगावकर, आपण छांदोग्याचे वचन नाकारलेत, याचे मला समाधान आहे. आत्म्याबद्दल मात्र आपला मतभेद राहील. मिलिंदपन्हात, म्हणजे राजा मिलिंद आणि बौद्ध भिक्षू नागसेन यांच्या संवादाच्या पाली ग्रंथात, राजा विचारतो की, जो जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेन म्हणतात, तोही नव्हे आणि दुसराही नव्हे. कायम राहणारे कोणी नसतानाही कृतीचा परिणाम पुढे जातो, यावर माझा विश्वास आहे. चांगल्या निवडीसाठी मला नित्य आत्म्याची गरज भासत नाही.

रात्रपाळी ताई, एक विचारायचे होते. कारण सापडत नाही तेव्हा त्या आईला आपण काय सांगता?

रात्रपाळी

कारण सापडलेले नाही, हेच सांगते. तपासण्या कोणत्या झाल्या आणि त्यांत काय आले नाही, ते नीट समजावते, कारण अर्धवट माहितीतूनच लोक मागच्या जन्माकडे वळतात. मग लगेच आजचे काम हाती देते. दर दोन-तीन तासांनी दूध काढायचे, रात्रीही चुकवायचे नाही, हात कोपरापर्यंत धुऊनच आत यायचे. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीशी धरून कांगारू पद्धतीने जितका जास्त वेळ ठेवता येईल तितका ठेवायचे. आई दमली असेल तर हे वडील करू शकतात, आजीही करू शकते. ज्या आजीने दाराबाहेर ‘मागच्या जन्मीचं’ म्हटलेले असते, तिलाच मी गाउन देऊन आत बोलावते, आणि बाळ अंगाशी धरल्यावर ती पुन्हा तसे बोलल्याचे मी ऐकलेले नाही.

वरळीचा वाचक यांनी दुसऱ्याच्या निर्णयाने मार्ग घडतो असे लिहिले, त्यात एक भर घालते. ज्या आईला दूध येत नाही किंवा जी स्वतःच अतिदक्षता विभागात आहे, तिच्या बाळाला दुग्धपेढीतील दूध मिळू शकते. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये आपल्याच मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. दूध देणाऱ्या बायका प्रसूती कक्षातल्याच असतात, ज्यांना बाळाला पाजून उरते. आधी त्यांच्या रक्ताच्या तपासण्या पाहतात, मग ते दूध पाश्चरीकरण करून, जंतूंची तपासणी होऊन, गोठवून ठेवले जाते. कोणाचे दूध कोणत्या बाळाला गेले, हे दोन्ही घरांना सांगितले जात नाही. या धाग्यावर मुंबईतील कोणाच्या घरी नुकतेच बाळंतपण झाले असेल आणि दूध जास्त होत असेल, तर आपल्या प्रसूती रुग्णालयात दुग्धपेढी आहे का याची चौकशी अवश्य करा.